विश्लेषण : सायकलस्वारासाठी साईडपट्टी का महत्त्वाची?

परभणीहून जिंतूर किंवा गंगाखेडला सायकलने जाऊन येणे म्हणजे साधारण ८०-९० किलोमीटर. नियमित सराव असलेल्या हौशी सायकलस्वाराला रविवारच्या सकाळी झेपेल एवढेच हे अंतर. लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा महागड्या सायकली आणि विक्रमांभोवती फिरते. जिल्ह्याच्या गावात हा छंद टिकणार की नाही, हे मात्र डांबराच्या कडेला असलेल्या साईडपट्टीवर ठरते.

शर्यत आणि ‘ब्रेव्हे’ यांत फरक काय?

रस्त्यावरील शर्यतीत जो आधी पोहोचतो तो जिंकतो. स्पर्धक घोळक्याने, एकमेकांच्या चाकाला चाक लावून धावतात. पुढच्याच्या आडोशामुळे मागच्याला वारा कमी लागतो. त्यासाठी वाहतूक थांबवावी किंवा वळवावी लागते. बोरघाटातून जाणारी आणि ‘घाटांचा राजा’ ठरवणारी मुंबई-पुणे शर्यत ही याची जुनी ओळख. ‘ब्रेव्हे’त कोणी पहिला किंवा शेवटचा नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करायचे. मात्र हे सारे सुरू वाहतुकीत, अनेकदा रात्रीही. नोकरी-धंदा सांभाळणाऱ्या हौशींना हाच प्रकार जवळचा वाटतो.

हौशी सायकलस्वार कुठवर जाऊ शकतो?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ सुमारे ४८०० किलोमीटरची. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. हे सारे पेशाने डॉक्टर. अशा मोहिमेआधी कित्येक महिने रोजचा सराव लागतो आणि तो घराजवळच्या रस्त्यावरच करावा लागतो.

परभणीचा भूगोल अनुकूल आहे का?

बऱ्याच अंशी आहे. मध्ये गोदावरी-दुधनेच्या खोऱ्यातील सपाटी, उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगांचे चढ, दक्षिणेला गंगाखेडच्या पुढे बालाघाटचे डोंगर. वेगाचा आणि चढाचा असा दोन्ही सराव जिल्ह्यातच होतो. अडचण आहे ती ऋतूंची. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत घरी परतावे लागते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील काळी माती डांबरावर येते आणि रस्ता निसरडा होतो. सुगीत सोयाबीन रस्त्याच्या कडेलाच वाळत घातले जाते. वेड्या बाभळीचे काटे तर बारमाही.

साईडपट्टी खराब झाली की काय होते?

शर्यतीच्या सायकलचे टायर जेमतेम २५ ते २८ मिलिमीटर रुंद असते. डांबर आणि साईडपट्टी यांच्या पातळीत चार बोटांचा फरक पडला, तर खाली उतरलेले चाक पुन्हा वर चढवताना काठाला घासून अडकते आणि स्वार वाहतुकीच्याच बाजूला पडतो. म्हणून मागून भोंगा वाजला तरी सायकलस्वार खाली उतरत नाही. वाहनचालकाला तो हटवादी वाटतो. प्रत्यक्षात त्याला उतरायला जागाच नसते. गाळप हंगामात अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मागे दिवा किंवा परावर्तक नसलेले उसाचे ट्रॅक्टर हा धोका आणखी वाढवतात.

हा फक्त हौशींचा प्रश्न आहे का?

मुळीच नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. गावाहून शाळेला जाणारी मुलगी, दुधाचे कॅन लावून निघालेला शेतकरी आणि हेल्मेट घातलेला हौशी स्वार हे तिघेही रस्त्याच्या त्याच कडेने जातात. सरकार सायकल देते, पण ती चालवायची कुठे, याचे उत्तर मिळत नाही. रस्ता धोक्याचा वाटला की घरचे आधी मुलीची सायकल बंद करतात.

मग करायचे काय?

त्यासाठी वेगळ्या सायकल मार्गाची वाट पाहण्याची गरज नाही. पावसाळा संपताच मुरूम टाकून, दबाई करून साईडपट्टी डांबराच्या पातळीला आणावी. कडेची झुडपे काढावीत. कारखान्यांनी परावर्तक लावल्याशिवाय उसाची ट्रॉली आत घेऊ नये आणि परिवहन विभागाने ते तपासावे. सायकलस्वारांनीही शिस्त पाळावी : डावीकडूनच चालणे, हेल्मेट, पुढे-मागे दिवे, अंगावर चमकणारे जाकीट. महामार्गावर दोघांनी गप्पा मारत शेजारी-शेजारी चालणे टाळावे.

रस्त्याच्या कामाचे मोजमाप डांबराच्या रुंदीवर होते. साईडपट्टी उरलेल्या मुरमात उरकली जाते. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचा रस्ता म्हणजे तीच पट्टी, हे धरून कामे झाली, तर परभणीतून उद्या कोणी मोठी शर्यत गाजवेलही. त्याआधी शाळेला निघालेली मुलगी सुखरूप पोहोचेल, आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे.