संघाचें दप्तर यंत्रावर चढवितांना

शेतकरी संघांच्या कारभारांत अलीकडे एक नवी चाल पडत चालली आहे. सभासदांची यादी, बियाणें व खतें यांची उधारी, गोदामांतील साठा, अवजारांचें भाडें, या सर्वांच्या वह्या बाजूस सारून त्या एका लहानशा वेब ॲपवर चढवावयाच्या, आणि मग प्रत्येक सभासदानें घरीं बसून मोबाईलवर आपलें खातें पाहावें, अशी ही योजना असते. योजना चांगली आहे. आम्ही तिच्या विरुद्ध नाहीं. वही भिजते, वहीस वाळवी लागते, आणि ती एका वेळीं एकाच कारकुनाच्या हातीं असते, हें ज्यांनीं दप्तर सांभाळलें आहे त्यांस सांगावयास नको. परंतु असें ॲप करवून घेतांना आमच्या संचालक मंडळांकडून एक चूक हटकून होते. तें ज्या दिवशीं दाखविलें जातें, त्या दिवसावरून त्याची पारख केली जाते. आमचें म्हणणें असें कीं, करणारा गांवीं नसतांना, वीज गेली असतांना, आणि दोन वर्षें लोटल्यावर तें कसें चालतें, यावरून ती पारख व्हावी.

एका संघाची हकीकत आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. सभासदांपैकींच एकाच्या शिकलेल्या मुलानें थोड्या मोबदल्यांत ॲप तयार केलें. वार्षिक सभेंत त्यानें तें आपल्या लॅपटॉपवर दाखविलें, टाळ्या पडल्या, पुढील महिन्यापासून किर्द बंद करावी असा ठरावही झाला. नंतर तें ॲप भाड्याच्या सर्व्हरवर ठेवण्यांत आलें. खरिपाच्या वाटपाच्या दोन महिन्यांच्या नोंदी त्यांत झाल्या. मग एके सायंकाळीं त्या मुलानें एक बारीकशी दुरुस्ती करून नवी आवृत्ति वर चढविली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कारकून पाहतो तों सर्व दप्तर कोरें! संघाचें नशीब बलवत्तर म्हणून कारकुनानें जुन्या संवयीनें पावतीपुस्तकाच्या कार्बन प्रती जपून ठेविल्या होत्या. तीन माणसें आठ दिवस बसलीं, तेव्हां कोठें उधारी पुन्हां उभी राहिली.

यांत कोणाची लबाडी नव्हती. सर्व नोंदी एका एस्क्यूलाईट फाईलींत होत्या, आणि ती फाईल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्यें होती. लॅपटॉपवर डिस्क तीच राहते, म्हणून तेथें कांहीं बिघडलें नाहीं. भाड्याच्या पुष्कळशा सेवांत मात्र नवी आवृत्ति चढविली कीं जुनी डिस्क टाकून देऊन कोरी डिस्क देतात. म्हणजे दुकानाची पाटी बदलावयास सुतार बोलवावा, आणि त्यानें आंतील तिजोरीही उचलून न्यावी, तशांतला हा प्रकार. एस्क्यूलाईट हें साधन वाईट नव्हे. २००० सालापासून तें चालत आलें आहे, आणि आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्येंही तें आहे. लहान संघास तें पुरेसें होतें. दोष तें कोठें ठेविलें यांत होता. प्रोग्रॅम आणि दप्तर यांचीं घरें वेगळीं असावींत, हा पहिला नियम आहे.

दुसरा भेद असा कीं, लॅपटॉपवर एक डेटाबेस आणि सर्व्हरवर दुसरा, असें पुष्कळदां केलें जातें. एस्क्यूलाईट आंकड्याच्या रकान्यांत अक्षरें लिहिलीं तरी बहुधा निमूटपणें ठेवून घेतें. पोस्टग्रेस तीं परत करतें. मग घरीं चाललेलें ॲप कचेरींत अडतें, आणि करणारा म्हणतो, "माझ्याकडे तर चालतें!" तसेंच, दाखविण्याच्या दिवशीं त्यांत दहा नोंदी असतात. कांहीं वर्षांनीं लाखभर होतात, व सूची तयार केलेली नसेल तर एका सभासदाचें खातें काढावयास यंत्रास सर्व पानें उलटावीं लागतात. सूचीशिवाय रेकॉर्ड रूममध्यें कागद शोधणें काय असतें, हें आम्हांस ठाऊक आहे.

आतां दप्तराच्या रचनेकडे वळूं. आमचा जन्म महसुली कारकुनींत गेला, म्हणून हा विषय आम्हांस परका वाटत नाहीं. १९७० सालीं आयबीएम कंपनींतील एडगर कॉड या गणितज्ञानें माहिती तक्त्यांत कशी मांडावी याचा सिद्धांत प्रसिद्ध केला, आणि आजचे बहुतेक डेटाबेस त्यावर उभे आहेत. त्याचें सार आमच्या तलाठ्यास नवीन नाहीं: प्रत्येक ओळीस तिची अशी एक खूण असावी, व ती दुसऱ्या कोणत्याही ओळीची नसावी. आठ-अ मध्यें खातें नांवानें नव्हे तर क्रमांकानें ओळखलें जातें, तें याचसाठीं. परंतु नवे लोक सभासदाच्या नांवालाच खूण समजतात. एकाच गांवांत एकाच नांवाचे, बापाचें नांवही तेंच असलेले, दोन खातेदार निघतात. एकाची उधारी दुसऱ्याच्या माथीं बसते. कोणी मोबाईलचा नंबर खूण म्हणून घेतात. पण बापलेकांत मोबाईल एकच असतो, आणि नंबर तर बदलतोच. संघानें आपला सभासद क्रमांक द्यावा, आणि तो कधींही दुसऱ्यास देऊं नये.

जुन्या याद्या नव्या दप्तरांत घेतांना तर विशेष सावध असावें. गट नंबर १२ चा पोटहिस्सा १ हा आपण १२/१ असा लिहितों; एक्सेलसारखा तक्ता त्याची मुकाट्यानें तारीख करून टाकतो, आणि जमीन जाऊन तेथें जानेवारी किंवा डिसेंबर उरतो. ही खोड इतकी जुनी आहे कीं, मानवी जनुकांस नांवें देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनें २०२० पर्यंत कांहीं जनुकांचीं नांवेंच बदललीं; कारण तक्ता त्यांसही तारखा समजत असे. मराठी अक्षरांचाही असाच घोळ होतो. जुन्या फाँटांत टाईप केलेल्या याद्या डोळ्यांस मराठी दिसतात, पण आंत रोमन अक्षरें असतात. त्या आधीं युनिकोडमध्यें आणाव्या लागतात. यूटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें. डेटाबेसचा रकाना जुन्या रोमन पद्धतीचा राहिला, तर नांवाच्या जागीं प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. आणि तीं प्रश्नचिन्हेंच एकदां सांठविलीं गेलीं, म्हणजे मूळ नांव त्यांतून परत निघत नाहीं. म्हणून पन्नास नांवें जोडाक्षरांसह चढवून, परत काढून, मूळ कागदाशीं ताडून पाहावींत. मगच पुढें जावें.

पैशाच्या नोंदींत दोन खाचखळगे आहेत. यंत्राच्या द्विमान अपूर्णांकांत दहा पैसे तंतोतंत बसत नाहींत. हजारों नोंदींच्या बेरजेंत फरक पडतो, व वर्षअखेर किर्द जुळत नाहीं. रक्कम पैशांच्या पूर्णांकांत ठेवावी, किंवा डेटाबेसमधील ठराविक दशांशाचा प्रकार वापरावा. दुसरा असा: गोदामांत चाळीस पोतीं आहेत, दोन खिडक्यांवरील दोन कारकून एकाच क्षणीं चाळीस हा आंकडा वाचतात, आणि प्रत्येकजण तीस पोत्यांची पावती देऊन दहा शिल्लक लिहितो. साठ पोत्यांच्या पावत्या गेल्या, आणि यंत्र म्हणतें दहा आहेत! डेटाबेसमध्यें यावर व्यवहाराची सोय आहे: साठा वजा होणें आणि उधारी नांवें पडणें हीं दोन्ही व्हावींत, नाहींतर एकही होऊं नये, आणि एकाचें काम पुरें होईपर्यंत दुसऱ्यानें त्या ओळीस हात लावूं नये. ही सोय असूनही ती न वापरल्यामुळें संघ बुडतात तें निराळें.

याहून मोठी गोष्ट ही कीं, जुनी नोंद पुसूं नये. सातबारावर मालक बदलला म्हणजे जुन्या नांवास कंस होतो, फेरफार क्रमांक पडतो, आणि कोणत्या फेरफारानें काय बदललें हें नातवासही वाचतां येतें. आमच्या ॲपमध्यें मात्र पांच हजारांचे पांचशे केले कीं पांच हजार कोठेंच राहत नाहींत. कोणी, केव्हां, कां बदललें, हें ज्या दप्तरांत दिसत नाहीं, तें दप्तर नव्हे. ती पाटी होय.

सुरक्षिततेविषयीं थोडक्यांत लिहितों. समजा, अर्जावर नांवासाठीं कोरी जागा आहे, आणि अर्जदारानें तेथें नांवाऐवजीं "सर्व दप्तर जाळावें" असें लिहिलें; शिपायानें तो साहेबांचाच हुकूम समजून दप्तर जाळलें. डेटाबेसला द्यावयाच्या हुकमांत सभासदानें टाईप केलेला मजकूर जसाच्या तसा जोडला, म्हणजे नेमकें हेंच घडतें. हुकूम वेगळा आणि मजकूर वेगळा पाठविणें, हा त्यावरील साधा व पक्का उपाय आहे. दुसरी चूक याहूनही सर्रास दिसते: पत्त्याच्या शेवटीं सत्तावन्नऐवजीं अठ्ठावन्न लिहिलें, तर शेजाऱ्याचें खातें उघडतें. तेव्हां कोण मागतो आहे हें प्रत्येक वेळीं तपासलें पाहिजे. पासवर्ड साध्या अक्षरांत ठेवूं नयेत; प्रोग्रॅमच्या मजकुरांत डेटाबेसचा पासवर्ड लिहूं नये; आणि चूक झाली असतां आंतील सर्व गुपितें पडद्यावर दाखविणारी चांचणीची व्यवस्था लोकांसमोर चालू ठेवूं नये. सभासदांचे बँकखाते व आधार क्रमांक आपल्या हातीं विश्वासानें दिलेले असतात. २०२३ सालीं संसदेनें डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा केला, त्यांतही ही काळजी घेण्याचा भार माहिती बाळगणाऱ्यावर घातला आहे.

बॅकअपविषयीं सर्वजण "तो आपोआप होतो" असें सांगतात. गिटलॅब या नामांकित कंपनीची २०१७ मधील गोष्ट ऐकावी. ३१ जानेवारीच्या रात्रीं तिच्या एका कर्मचाऱ्यानें भलत्याच सर्व्हरवर हुकूम चालविला, आणि सुमारें ३०० गिगाबाइट दप्तरापैकीं साडेचार उरलें. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. ऐन वेळीं त्या उपयोगीं पडल्या नाहींत. रोजचा बॅकअप कित्येक दिवस रिकामाच होत होता, व तसा इशारा देणारीं पत्रें कोणास पोहोंचतच नव्हतीं. सुदैवानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्या कामासाठीं घेतलेली एक प्रत सांपडली. कंपनीनें ही सर्व हकीकत स्वतः जाहीर केली, हें तिला भूषणावह आहे. जेथें इतके जाणते लोक होते तेथें हें झालें, तर आमच्या संघांनीं "आपोआप" या शब्दावर किती विसंबावें? जो बॅकअप परत उभा करून पाहिला नाहीं, तो आहे असें धरूंच नये.

शेवटची गोष्ट यंत्राची नव्हे, मालकीची आहे. ॲपचा पत्ता दरसाल नूतन करावा लागतो, सर्व्हरचें भाडें भरावें लागतें, सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राची मुदत थोड्याच महिन्यांत सरते. हीं सर्व खातीं बहुधा त्या करणाऱ्या मुलाच्या खासगी ईमेलवर असतात. तो पुण्याबंगळुरास नोकरीस गेला, किंवा त्याचा नंबर बदलला, कीं एके दिवशीं पत्ता बंद पडतो आणि संघाची किल्ली कोणापाशीं हें कोणास सांगतां येत नाहीं. आम्ही चार्ज देतांना यादी करून, पानें मोजून, दोघांच्या सह्या घेत असूं. तीच रीत येथें पाहिजे.

कोणी म्हणतील, एवढें सर्व करावयाचें तर खर्च वाढेल, आणि गांवचीं मुलें हें काम हातीं घेणार नाहींत. आमचें उत्तर असें: खर्च कमी पाहिजे तर ॲप लहान करावें, काळजी लहान करूं नये. रंगीत आलेख आणि दहा प्रकारचे अहवाल सोडून द्यावेत. सभासद, साठा व उधारी हे तीन तक्ते नीट असले म्हणजे पुष्कळ झालें. मुलांसही आम्ही दोष देत नाहीं. आम्हीं त्यांस रंग विचारले. दप्तर परत उभें करून दाखव, असें कोणीं विचारलें?

म्हणून आमची सूचना अशी कीं, शेवटचा हप्ता देण्यापूर्वीं संचालकांनीं चार गोष्टी समक्ष पाहाव्यात. एक, नवी आवृत्ति चढविल्यावर जुन्या नोंदी जागेवर आहेत. दोन, कालचा बॅकअप कोऱ्या सर्व्हरवर दुसऱ्याच मनुष्याकडून उभा करविला, आणि एकूण येणें रुपया-पैशासह जुळलें. तीन, एका सभासदास दुसऱ्याचें खातें उघडत नाहीं, आणि बदललेली नोंद कोणी बदलली तें दिसतें. चार, सर्व खातीं संघाच्या नांवें असून त्यांची यादी व किल्ल्या सीलबंद पाकिटांत तिजोरींत आहेत. आणि हें सर्व झालें तरी एका वर्षाचें ऑडिट निर्वेध पार पडेपर्यंत किर्द बंद करण्याचा ठराव करूं नये. वहीचें ओझें एक वर्ष अधिक वाहिल्यानें कोणी मोडणार नाहीं. पण ज्या शेतकऱ्यानें फेडलेली उधारी दप्तरांतून नाहींशी झाली, तो दुसऱ्यांदा ती कोठून फेडणार? सुज्ञांस अधिक सांगणें नलगे.