शहराचं नाव बदललं, केसपेपरचा रकाना कधी बदलणार?



काही महिन्यांपूर्वी रात्री दीडच्या सुमाराला एका ओळखीच्या तृतीयपंथी मुलीचा फोन आला. तिच्यावर अत्याचार झाला होता. ती कोण, ठाणं कोणतं, दवाखाना कोणता, हे लिहिणार नाही. ठाण्यात पहिला प्रश्न आला, "बाई लिहू का पुरुष?" दवाखान्यात केसपेपर काढताना पुन्हा तोच प्रश्न. बायकांच्या वॉर्डातून पुरुषांच्या वॉर्डात, तिथून बाहेरच्या बाकड्यावर. कुठे दुखतंय, हे पहाट झाली तरी कुणी विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "दादा, राहू द्या. घरी चला." आम्ही परत आलो. तक्रार झालीच नाही.

कुणी म्हणेल, एखाद्या कर्मचाऱ्याची चूक असेल. नाही हो. चूक पार वरपासून आहे.

भारतीय न्याय संहितेत बलात्काराचं कलम फक्त स्त्रीसाठी आहे. शिक्षा किमान १० वर्षं. जुन्या दंडसंहितेत बळजबरीच्या प्रकरणात निदान ३७७ तरी लावता यायचं. १ जुलै २०२४ पासून तेही गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी २०१९ मध्ये वेगळा कायदा केला, त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं! गुन्हा तोच, नराधम तोच. एकीसाठी किमान दहा, दुसरीसाठी जास्तीत जास्त दोन. न्या. वर्मा समितीने २०१३ मध्येच सांगितलं होतं की कायदा करताना तृतीयपंथीयांवरचे अत्याचारही लक्षात घ्या. ऐकलं कुणी?

मदतीचंही तेच. 'सखी' केंद्र महिलांसाठी, १८१ हेल्पलाइन महिलांसाठी, 'मनोधैर्य' योजना आखली ती महिला आणि बालकांसाठी.

आणि गंमत बघा. आपल्याच जालना रोडवरच्या खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अंजली गुरू संजना जान यांना महिलांच्या जागेवरून ग्रामपंचायत लढवायला परवानगी दिली. म्हणजे निवडणुकीच्या अर्जावर बाई चालते, मग केसपेपरवर का नाही?

दिल्लीतला कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण तीन गोष्टी इथे, आपल्या शहरात करता येतात.

एक. २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष हवा. गुन्हा वेळेत नोंदला जातो का, तपास होतो का, हे बघणं त्याचं कामच आहे. जिल्हाधिकारी साहेब, या कक्षाचा फोन नंबर प्रत्येक पोलीस ठाण्यात मोठ्या अक्षरात लावा.

दोन. अत्याचारग्रस्तांची तपासणी कशी करायची, याच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या सूचना आहेत. त्यात तृतीयपंथीयांचाही विचार आहे. घाटीपासून प्रत्येक सरकारी दवाखान्यात रात्रपाळीच्या माणसापर्यंत त्या पोचवा. तपासणी बाईने करायची की पुरुषाने, हे तिलाच विचारा.

तीन. पोलीस आयुक्तांनी लेखी आदेश काढावा की आधी तक्रार लिहून घ्या, कलमांचा वाद नंतर कोर्टात होईल. मारहाण, डांबून ठेवणं, धमकी, ही कलमं बाई-पुरुष बघत नाहीत. आणि 'सखी' केंद्राच्या दारातून कुणालाही परत पाठवू नका.

आता कमेंटमध्ये येईलच, "हे लोक सिग्नलवर त्रास देतात, त्यांची कसली बाजू घेता?" दादा, क्रांती चौकात तुमची गाडी अडवली म्हणून तिच्यावर बलात्कार करायचा परवाना कुणाला मिळत नाही. पैसे मागितल्याची तक्रार तुम्ही करू शकता. तिची तक्रार मात्र कुणी लिहून घेत नाही. फरक एवढाच आहे.

२०२३ मध्ये शहराचं नाव बदललं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलले. मनात आणलं की सरकारी कागद बदलतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. मग एका रकान्याला एवढा वेळ का?

ती मुलगी अजून याच शहरात राहते. परत कधी ठाण्याची पायरी चढेल असं वाटत नाही. निदान पुढची तरी परत फिरू नये.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण अपशब्द दिसला की कमेंट उडवणार.