सोयाबीन, इस्ट्रोजेन आणि दुर्लक्षित कंडरा

रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होतात, हे आता सर्वश्रुत आहे. त्याच हाडांना स्नायूंशी जोडणाऱ्या कंडरांचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कंडरेच्या पेशींतही इस्ट्रोजेनचे ग्राही असतात. हे संप्रेरक ओसरले की कोलॅजेनच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. पण खांद्याची वा टाचेची दुखणी ‘वय झाले’ एवढ्या दोन शब्दांत निकालात निघतात.

वनस्पतिजन्य इस्ट्रोजेनविषयीचे कुतूहल येथून सुरू होते. सोयाबीनमधील जेनिस्टीन व डेडझीन यांची रेणुरचना इस्ट्राडायॉलशी मिळतीजुळती असते. ते ग्राहींना बांधले जातात, पण मूळ संप्रेरकापेक्षा क्षीणपणे, आणि अल्फापेक्षा बीटा ग्राहींना अधिक. अंडाशय काढलेल्या उंदरांवरील प्रयोगांतून आशा वाटते; परंतु आशा म्हणजे पुरावा नव्हे. उंदरांच्या आतड्यांतील जिवाणू डेडझीनपासून इक्वॉल हा अधिक प्रभावी रेणू सर्रास बनवतात. माणसांत हे सामर्थ्य साधारण एकतृतीयांश ते निम्म्या लोकांतच आढळते. मग एकच गोळी सर्वांना सारखी कशी लागू पडेल?

भारतात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येथे रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६-४७, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे अलीकडे. शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढलेल्या स्त्रियांत ही घट क्रमाक्रमाने नव्हे, एकाएकी होते. त्यानंतरही भातलावणी, ओझी वाहणे चालूच असते. मध्य प्रदेश व महाराष्ट्रात सोयाबीन विपुल पिकते, हे खरे. पण त्यातील आयसोफ्लेव्होन तेलात जवळपास उतरतच नाहीत, ते पेंडीत राहतात, आणि पेंड जाते मुख्यतः पशुखाद्यात.

संप्रेरकोपचार हृदयाचे रक्षण करतात, हा समज २००२ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीने डळमळीत केला. तो धडा येथेही लागू आहे. भारतीय स्त्रियांवर नियंत्रित चाचण्या व्हाव्यात; सोनोग्राफीने कंडरेची जाडी व ताठरता मोजली जावी; इक्वॉल बनवण्याची क्षमता नोंदवली जावी; आणि तुलनेसाठी व्यायामाचा गटही असावा, कारण योग्य भार हीच कंडरेला सर्वाधिक परिचित असलेली चालना आहे.

तोवर सोयाबीन हे उत्तम प्रथिनयुक्त अन्न म्हणून जरूर खावे. कंडरेचे औषध म्हणून विकू नये. स्त्रियांच्या वेदनेला जाहिरातीपूर्वी मोजमाप मिळाले पाहिजे.