आकड्याआधी शिवण

वीजवाहक कापडाच्या दोन पट्ट्या, मध्ये पॉलिपायरोलसारख्या वाहक पॉलिमरचा लेप दिलेलं कापड, कडेने शिलाई. घरगुती दाबसंवेदक तयार. दाबलं की मधल्या कापडाचे धागे एकमेकांना जास्त ठिकाणी टेकतात आणि विजेचा रोध घटतो. जोडीला दहा किलोओहमचा रेझिस्टर लावला की आर्डुइनोचा छोटा नियंत्रक-बोर्ड हा बदल 0 ते 1023 मधल्या आकड्यात दाखवतो. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात टाळ्या पडतात त्या या आकड्याला. खरं तर सगळ्यात कच्चा तोच.

दाब तसाच ठेवला तरी आकडा हळूहळू सरकतो. दाब काढला की लगेच मूळ जागी येत नाही. घाम, दमट हवा आणि धुणं त्याला आणखी बिघडवतात. उरलेलं सगळं शिवणाऱ्याच्या हातात. शिलाई आवळली तर कुणी हात लावण्याआधीच संवेदक दाबलेला. सैल पडली तर थर घसरतात. वाहक पट्ट्या मधल्या थरापेक्षा थोड्या लहान कापल्या नाहीत, तर कडेला एकमेकींना भिडून शॉर्ट होतात. वाहक दोऱ्याचं एखादं सुटलेलं टोकही तेवढ्याला पुरतं. हाना पेर्नर-विल्सन आणि मिका सातोमी या ‘कोबाकांत’च्या जोडीने अशा कृती सर्वांसाठी खुल्या ठेवल्या, त्यात शिवण, विणकाम आणि क्रोशे सर्किटच्या बरोबरीने येतात. आपल्याकडे मात्र असल्या प्रकल्पात कोड लिहिणारा पुढे उभा राहतो आणि शिवणारीचं नाव ‘सहकार्य’ या रकान्यात जातं.

खुर्चीत कुणी बसलंय का, भार डावीकडे की उजवीकडे, एवढं हे कापड नीट सांगतं. बधिर पायांच्या मधुमेहींच्या बुटात ते घालून ‘अमुक किलो दाब’ जाहीर करणं हा मात्र आगाऊपणा. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर हातापायांवर काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत कारव्हिल इथे रंगाच्या सूक्ष्म कुप्या असलेले मोजे वापरले. दाब जास्त पडेल तिथल्या कुप्या फुटत आणि रंग उतरे. आकडा एकही नव्हता, पण जखम कुठे होऊ घातलीय ते कळायचं.

म्हणून प्रदर्शनातल्या परीक्षकांनी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहण्याआधी संवेदक उलटा करून टाके पाहावेत, आणि ते कुणी घातले तेही विचारावं.