विश्लेषण : खराब रस्त्यावर रोजची दुचाकी सुसह्य कशी होईल?

हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली) येथून वसमत किंवा परभणीला रोज ये-जा करणारे शिक्षक, दूधवाले, विद्यार्थी बहुधा १०० ते १२५ सीसीच्या दुचाकीवर असतात. संध्याकाळी कंबर धरली की दोष रस्त्याला दिला जातो. तो रास्तच आहे. पण काही दोष गाडीच्या चुकीच्या जुळणीचाही असतो आणि तो दूर करायला फारसा खर्च येत नाही.

रस्ता पुन्हा पुन्हा का बिघडतो?

इथली काळी, भारी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे पक्का भराव नसेल तर रस्ता खचतो आणि खड्ड्यांसोबत लाटाही तयार होतात. बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा येणारे उभे हादरे सर्वाधिक झोंबतात.

टायरमध्ये हवा किती असावी?

‘हवा टाइट मारा’ ही सवय आधी मोडावी. टाइट टायर दगड-खड्ड्याचा धक्का स्वतः न पचवता वर पाठवतो. बहुतेक १०० सीसी गाड्यांना पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. डबलसीटला मागची वाढवावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. हवा टायर थंड असताना तपासावी. ती फार कमी असेल तर ट्यूब चिमटून पंक्चर होते, रिमही वाकते.

मागचे शॉकअप कसे लावावेत?

बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला पाच खाचा असतात. कधीतरी पोते न्यायचे म्हणून शेवटची खाच लावली जाते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. मग एकटा स्वार बसला की स्प्रिंग सहज दबत नाही. एकट्यासाठी पहिली-दुसरी, डबलसीट वा ओझ्यासाठी वरची खाच ठेवावी. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात. पुढच्या शॉकअपमधून तेल गळत असेल तर सील बदलून घ्यावे. जाड गादीने हे दोष झाकले जातात, दुरुस्त होत नाहीत.

चालवताना काय पाळावे?

खड्डा दिसताच आधी वेग कमी करावा, खड्ड्यात चाक असताना ब्रेक दाबून ठेवू नये. फूटरेस्टवर किंचित उठून गुडघे सैल ठेवले की धक्का पाय झेलतात. हँडल घट्ट आवळू नये. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना समान आणि शक्य तितके खाली बांधावेत. मागे बसणाऱ्याला खड्ड्याआधी सांगावे. त्याला तो दिसत नसतो.

मग रस्त्याची जबाबदारी संपली?

मुळीच नाही. चांगला रस्ता हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेशही दिला. दहा मिनिटांत खाच बदलून, हवा तपासून आपण कंबर वाचवू शकतो. पण नागरिकाने शॉकअप मऊ केला म्हणून खड्डा बुजवण्याचे काम कुणाला टाळता येणार नाही. गाडी आपण नीट करू, रस्ता नीट करून मागू. दोन्ही एकाच वेळी व्हायला हवे.