गाणे कोणाच्या नावे?

लोकांची गाणे ऐकण्याची रीत गवयापेक्षा गाणी बांधून विकणारा अधिक बदलतो. ब्रिटनचे उदाहरण बोलके आहे. ‘हाऊस’ हे तिथे गाजलेले नाचाचे संगीत मूळचे तिथले नव्हेच. शिकागोत १९७७ साली सुरू झालेल्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून त्याचे नाव पडले. फ्रँकी नकल्स तिथे तबकड्या वाजवी. ऐकणारे बहुतेक कृष्णवर्णीय, समलिंगी तरुण. १९८६ मध्ये ‘द हाऊस साऊंड ऑफ शिकागो’ हे संकलन ब्रिटनमध्ये निघाले आणि सुट्या, दुर्मीळ तबकड्यांतली गाणी एका गठ्ठ्यात घरोघरी गेली. १९८९ पासून तिथे संकलनांच्या खपाची यादीच वेगळी झाली. लंडनचा ‘मिनिस्ट्री ऑफ साऊंड’ हा क्लब तर १९९३ पासून स्वतःच संकलने काढू लागला. वेष्टनावर ठळक नाव क्लबचे. मूळ कलावंत आत, बारीक अक्षरांत!

धाराशिवच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. गुलशन कुमार यांची टी-सीरीज १९८३ साली निघाली, कॅसेट स्वस्त झाली आणि पानपट्टीवरही मिळू लागली. तुळजाभवानीच्या आराध्यांची, गोंधळ्यांची संबळ-तुणतुण्यावर रात्रभर चालणारी गाणी तासाभराच्या फितीत बसली. पुढे सीडी आली, मग मोबाइलच्या दुकानात भरून मिळणारे मेमरी कार्ड. आता त्याच गाण्यांना ठेका जोडून डीजे मिरवणुकीत भिंती हादरवतो.

यात नुसते नुकसानच झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऊसतोडीला गेलेल्या बाईला परमुलखात, कोपीत बसून आपल्या देवीचे गाणे ऐकता आले, ही काय लहान गोष्ट आहे? प्रल्हाद शिंदे यांचा आवाज खेडोपाडी गेला, तो या फितींवरूनही.

पण बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला खतावणीच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. जमा आणि नावे. या व्यवहारात जमा पुष्कळ दिसते. नावेच तेवढी सापडत नाहीत. परंपरेचे गाणे कोणा एकाचे नसते, म्हणून ते सर्वांचे. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र ते काढणाऱ्याकडे ६० वर्षे राहतो. १९९४ च्या दुरुस्तीने कायद्याने गाणाऱ्याचाही हक्क मानला, २०१२ च्या दुरुस्तीने कवी-संगीतकारांचा वाटा पक्का केला. परंतु एकरकमी पैसे घेऊन कागदावर अंगठा उठवणाऱ्या आराधणीला ही कलमे कोण वाचून दाखवणार?

वेअरहाऊस ज्या रस्त्यावर होते, त्याच्या एका भागाला शिकागोने २००४ साली फ्रँकी नकल्सचे नाव दिले. आपण रस्त्याचा हट्ट धरू नये; पण ध्वनिमुद्रणावर गाणारीचे नाव, तिचे गाव आणि साथीदार एवढे तरी छापले जावे. येत्या नवरात्रात घरी देवीचे गाणे लागले की मुलांना एकच विचारा, ‘हे गातंय कोण?’ उत्तर आले नाही, तर ते शोधायचे काम त्यांच्याकडेच सोपवा.