बॉयलर घेण्याआधीचा हिशेब

मालाची पारख, भावातील चढउतार, उधारीची जोखीम या गोष्टी व्यापारी कुटुंबात लहानपणापासून कानांवर पडतात. दुकान, गोदाम किंवा मालमोटार घेताना दोन-तीन पिढ्यांचा अनुभव पाठीशी असतो. बॉयलर मात्र सहसा आयुष्यात एकदाच, फार तर दोनदा घेतला जातो, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षे तो रोज इंधन मागत राहतो. या खरेदीत नेहमीची व्यापारी चतुराई कधी कधी उलट फळ देते, हे पुढील उदाहरणावरून लक्षात येईल.

धान्याच्या घाऊक व्यापारात स्थिरावलेल्या दोन भावांनी कोल्हापूरजवळ महामार्गालगत हॉटेल उभारण्याचे ठरवले. साठ खोल्या, तळमजल्यावर भोजनगृह, मागील बाजूस लग्नकार्याचे सभागृह आणि चादरी-टॉवेल धुण्यासाठी स्वतःची लाँड्री असा आराखडा होता. बँकेचे मुदत कर्ज मंजूर झाले होते आणि त्यासाठी राहते घर तारण पडले होते. त्यामुळे प्रत्येक लाखाचा विचार करणे भाग होते.

विक्रेत्याने गरजेची बेरीज करून दिली. सकाळी साठ खोल्यांच्या स्नानासाठी ताशी 210 किलो वाफ, लाँड्रीसाठी 150 आणि स्वयंपाकघरासाठी 150, एकूण 510. नळांतील गळती, उद्याचा वाढीव मजला आणि ‘हाताशी थोडी जास्त असलेली बरी’ हा विचार धरून ताशी एक टनाचा बॉयलर सुचवला गेला. त्याची किंमत ऐकल्यावर थोरल्या बंधूंनी आपल्या ओळखीतून मार्ग काढला. इचलकरंजीकडील एका बंद पडलेल्या प्रोसेस हाऊसमधील एक टनाचा जुना बॉयलर नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत होता. त्यांनी जागेवर जाऊन तो पाहिला. त्यावरील पितळी फलकावर दर चौरस सेंटिमीटरला 10.54 किलो दाब कोरलेला होता. शब्द दिला गेला आणि दोन लाख रुपये विसारही पोहोचला.

धाकट्या बंधूंची कन्या नुकतीच अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी आली होती. व्यवहार झाल्याचे कळल्यावर तिने विरोध केला नाही. एवढेच विचारले, “मोठे काका, ही बेरीज कोणत्या वेळेची आहे?”

प्रश्न साधा होता, पण साऱ्या नियोजनाचे मूळ त्यातच होते. स्नानाची गर्दी सकाळी सहा ते आठ. लाँड्री दहा ते चार. स्वयंपाकघराची मोठी मागणी दहा ते साडेबारा आणि पुन्हा संध्याकाळी. तिन्ही मागण्या एका वेळी कधीच येत नाहीत. कोणत्याही गोदामात वर्षभराचा माल एकाच दिवशी येत नाही, म्हणून त्या मापाचे गोदाम कोणी बांधत नाही. वाफेचेही तसेच आहे. तिने तासांचा तक्ता मांडला. नेहमीच्या दिवशी लाँड्रीला 90 आणि स्वयंपाकघराला 60 किलो पुरे होते. लग्नाच्या दिवशी खोल्या आणि पंगती दोन्ही भरलेल्या असल्या, तरी सर्वाधिक मागणी 300 किलोच निघाली. नळांतील घट दहा टक्के धरली तर नेहमीच्या दिवशी 165 आणि लग्नाच्या दिवशी 330.

स्नानाचे पाणी तिने या हिशेबातून पूर्णपणे वेगळे काढले. खोलीमागे 100 लिटर धरले तर रोज 6,000 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यासाठी सुमारे 2,10,000 किलोकॅलरी उष्णता लागते. वाफेचा प्रत्येक किलो यात सुमारे 500 किलोकॅलरी देतो, म्हणजे 420 किलो वाफ, आणि तीही अवघ्या दोन तासांत. परंतु 60 अंशांच्या पाण्यासाठी वाफ करण्याचे कारणच काय? उष्णतारोधक आवरणाची मोठी टाकी असेल तर तेच पाणी आदल्या दिवशी सावकाश तापवता येते. सौर उष्णजल यंत्रणेला दर 100 लिटरमागे साधारण दोन चौरस मीटर संग्राहक लागतो. म्हणजे 120 चौरस मीटर, आणि तेवढी जागा गच्चीवर होती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ऊन नसते, त्या दिवसांसाठी हीट पंप.

यानंतर आकाराचा प्रश्न उरला. दरपत्रकातील ‘ताशी इतके किलो’ हा आकडा 100 अंशांच्या पाण्यापासून 100 अंशांची वाफ करण्याच्या मापाने दिलेला असतो. त्याला दर किलोमागे 540 किलोकॅलरी लागतात. प्रत्यक्षात टाकीतले पाणी 30 अंशांचे असते आणि वाफ दहा किलो दाबाची हवी असते, त्यामुळे खर्च सुमारे 634 किलोकॅलरी होतो. याचाच अर्थ, 400 किलोचा म्हणून विकला जाणारा बॉयलर 340 किलोच्या आसपास वाफ देतो. गरज 330 ची होती, तेव्हा 400 चे माप पुरेसे होते. एक टनाची आवश्यकता कोठेच नव्हती.

मोठा बॉयलर घेतला तर बिघडते काय, असे पुष्कळांना वाटते. बिघडते ते इंधनाच्या खात्यात. मागणी कमी असली की बर्नर वारंवार बंद पडतो आणि पुन्हा पेटतो. प्रत्येक वेळी पेटण्यापूर्वी आतील वायू बाहेर काढण्यासाठी पंखा थंड हवा फिरवतो आणि तापलेले नळ त्या हवेने निवतात. बाहेरच्या कवचातून होणारी उष्णतेची गळतीही वाफ कमी काढली म्हणून कमी होत नाही.

म्हणून 400 किलोचा एक बॉयलर घेण्याऐवजी 200 किलोचे दोन घेण्याचा विचार पुढे आला. प्रत्येकातून प्रत्यक्ष 170 किलो वाफ मिळते. नेहमीच्या दिवशी एक पुरतो, लग्नसराईत दोन्ही चालवावेत. दोन घेण्यात सुरुवातीचा खर्च थोडा अधिक होता. परंतु वार्षिक तपासणीसाठी बॉयलर थंड करून उघडावा लागतो, आणि एकच असेल तर त्या दिवसांत लाँड्री आणि स्वयंपाकघर दोन्ही अडतात.

या तपासणीचे महत्त्व जुन्या बॉयलरच्या वेळी समोर आले. 1923 चा बॉयलर कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला, आणि आता त्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली आहे. मूळ तत्त्व तेच आहे. नोंदणी आणि चालू प्रमाणपत्र असल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे बारा महिन्यांचे असते. 25 लिटरपेक्षा लहान किंवा एक किलोपेक्षा कमी दाबाची पात्रे आणि शंभर अंशांखाली पाणी तापवणारी यंत्रणा या व्याख्येत येत नाहीत. स्नानाचे पाणी वेगळे काढण्याचा हा आणखी एक लाभ.

पुतणीने जुन्या बॉयलरचे शेवटचे प्रमाणपत्र मागवले. विक्री करणाऱ्याने त्याची प्रत विसाराच्या दिवशीच दिली होती, ती थोरल्या बंधूंच्या कपाटात तशीच पडून होती. वर्षानुवर्षांच्या वापराने पत्रा झिजला की तपासणी अधिकारी त्या बॉयलरचा कमाल दाब कमी करून देतात. या प्रमाणपत्रावर 5.5 किलो लिहिले होते. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलर यंत्राला सात किलो दाबाची वाफ लागत होती.

थोरले बंधू बराच वेळ तो कागद पाहत राहिले. मग म्हणाले, “पितळी फलक त्याच्या जन्माच्या वेळचा. आजची प्रकृती या कागदावर होती.”

धाकट्या बंधूंनी विसार परत मागण्याची सूचना केली. निम्मा तरी मिळेल, मध्यस्थ ओळखीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. थोरल्यांनी नकार दिला. “त्यांनी कागद लपवला नव्हता. मी वाचला नाही. शब्द मी मोडतो आहे, त्याची किंमत मीच द्यायची.” घर तारण असताना दोन लाखांवर पाणी सोडणे सोपे नव्हते. तरीही सौद्याला लागलेले आणि पुढे सोसावे लागले असते ते नुकसान यांची तुलना केल्यावर घरात कोणाचे दुमत राहिले नाही.

ती तुलना इंधनाने स्पष्ट केली. वर्षाची सरासरी दिवसाला 1,200 किलो वाफ धरली तर 7,60,800 किलोकॅलरी उष्णता हवी. बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के मानली तर इंधनातून सुमारे 8,95,000 किलोकॅलरी मिळाल्या पाहिजेत. डिझेलचा एक लिटर साधारण 8,500 देतो, म्हणजे रोज 105 लिटर. लिटरला 90 रुपये आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर 28 लाख 35 हजार रुपये. एका वर्षाचे इंधन दोन्ही नव्या बॉयलरांच्या किमतीपेक्षा मोठे निघाले. ज्या आकड्यावर घरात महिनाभर घासाघीस चालली होती, तो या हिशेबातला लहान आकडा होता.

त्यामुळे दरपत्रकांची तुलना किमतीवरून न करता दर किलो वाफेमागे लागणाऱ्या इंधनावरून करण्यात आली. बर्नर असा निवडला की पुढे नळाचा वायू उपलब्ध झाल्यास तोही वापरता यावा. यंत्रांतून थंड होऊन परत येणारे गरम पाणी टाकून न देता पुन्हा बॉयलरच्या टाकीत आणण्याची सोय केली. बॉयलरला जाणारे पाणी सहा अंशांनी अधिक गरम असेल तर इंधनात सुमारे एक टक्का बचत होते. ते 30 वरून 60 अंशांवर गेले तर पाच टक्के, म्हणजे वर्षाला एक लाख चाळीस हजारांच्या घरात. सोडून दिलेला विसार दीड वर्षात या एकाच नळातून परत येणार होता. कूपनलिकेचे पाणी जड असल्याने ते मृदू करणारे संयंत्रही घेतले, कारण नळांवर क्षार बसला की आच पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि नळ जळतात.

काही बाबी रकमेने लहान असल्या तरी वेळेने मोठ्या असतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती उभारणीपूर्वी आणि चालवण्यापूर्वी अशी दोनदा घ्यावी लागते. वाफेच्या नळांच्या नकाशांनाही मंजुरी लागते. या साऱ्याला लागणारे महिने कर्जाच्या हप्त्यांच्या आधी बसले पाहिजेत. बॉयलरची खोली इमारतीपासून वेगळी, राहत्या खोल्यांखाली नसलेली अशी ठरली, आणि बॉयलर आत जाईपर्यंत तिची एक भिंत बांधायची नाही असे गवंड्याला बजावण्यात आले.

विमा हा विषय पुष्कळ ठिकाणी राहून जातो. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत बॉयलर स्वतःच्या स्फोटाने फुटला तर बॉयलरचे नुकसान धरले जात नाही. त्यासाठी बॉयलर आणि दाबपात्रांची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते.

सर्वांत महत्त्वाची बाब माणसाची. रात्रपाळीचा पहारेकरी पहाटे बटण दाबील, असे आधी ठरले होते. पाण्याची पातळी खाली गेलेली असताना आच चालू राहणे हे बॉयलरच्या अपघाताचे एक जुने आणि वारंवार घडणारे कारण आहे. काचेच्या नळीतली पातळी कोणी पाहायची आणि ती दिसेनाशी झाली तर काय करायचे नाही, हे प्रशिक्षित, प्रमाणपत्रधारक अटेंडंटलाच ठाऊक असते. दोन पाळ्यांच्या दोन अटेंडंटांचा पगार खर्चाच्या पत्रकात पहिल्या दिवसापासून धरला गेला.

बसवणी पूर्ण झाल्यावर जलदाब चाचणी झाली. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाणी भरून सांधे तपासले गेले. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा थोरल्या बंधूंनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, पुतणीकडून दोन शब्दांचे अर्थ विचारून घेतले आणि मुदत संपण्याची तारीख आपल्या रोजच्या वहीत उतरवून ठेवली.